मागचे दिसले पाहिजे : गाडीला रिव्हर्स कॅमेरा निवडताना आणि बसवताना

जबलपूरच्या सदरमध्ये गाडी चालवणाऱ्याला पुढच्या गिअरांइतकेच रिव्हर्सवरही प्रभुत्व लागते. हा छावणीचा जुना बाजार. मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकाने आणि आत नंबरांनी ओळखल्या जाणाऱ्या अरुंद गल्ल्या. गल्लीत शिरलेली गाडी वळवायला जागा मिळत नाही, ती तशीच मागे घ्यावी लागते. इंडियन कॉफी हाउसच्या आसपास रस्त्याकडेला लावलेली गाडी काढायची तर मागून स्कूटर येते, हातगाडी येते, कोणी बोलत बोलत चालत येते. पेंटीनाक्याजवळ सेंट अलॉयशिअस महाविद्यालय सुटण्याच्या वेळी तर गाडीच्या चारही बाजूंना माणसेच माणसे असतात.

अशा वेळी कोणीतरी मागे उभा राहून ‘आने दो, आने दो’ म्हणतो आणि आपण त्याच्या आवाजाच्या भरवशावर गाडी मागे घेतो. पण असा माणूस दर वेळी मिळत नाही, आणि मिळाला तरी तो स्वतःच गाडीमागे उभा असतो. म्हणून ज्या गाडीत कंपनीचा रिव्हर्स कॅमेरा नाही तिला तो बाहेरून बसवून घेणे हा शहाणपणाचा खर्च आहे. मात्र हा खर्च सार्थकी लागायचा असेल तर एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. दुकानातल्या डब्यावर छापलेल्या आकड्यांपेक्षा कॅमेरा कुठे, किती कोनात आणि कशा वायरिंगने बसवला, यावर त्याचा उपयोग ठरतो.

आरशात काय दिसत नाही

समजा, चालकाचा डोळा जमिनीपासून १२० सेंटिमीटरवर आहे, मागच्या काचेची खालची कड १०० सेंटिमीटरवर आहे आणि दोघांमधले अंतर अडीच मीटर आहे. साधी भूमिती मांडली तर ८० सेंटिमीटर उंचीचे मूल त्या काचेपासून अडीच मीटर दूर जाईपर्यंत मधल्या आरशात दिसणारच नाही. उंच एसयूव्हीत मागची काचही उंचावर असते. तिथे हेच अंतर सहा मीटरच्या घरात जाऊ शकते. डिकीवर स्टेपनी असेल, मागच्या सीटवर सामान रचले असेल, तर आणखी वाढते. बाजूचे आरसे गाडीच्या कडेचे दाखवतात, नेमक्या पाठीमागचे नाही. चालक कितीही दक्ष असला तरी काचेच्या खालचे त्याला दिसू शकत नाही.

अमेरिकेत २००२ मध्ये दोन वर्षांच्या एका मुलाचा घराच्या अंगणात वडिलांच्याच मागे येणाऱ्या गाडीखाली मृत्यू झाला. त्याच्या नावाचा कायदा २००८ मध्ये झाला आणि १ मे २०१८ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या कारमध्ये रिव्हर्स पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत, कॅमेरा नाही. त्यामुळे आपल्याकडच्या अनेक गाड्या, विशेषतः कमी किमतीच्या प्रकारातल्या, नुसत्या सेन्सरवर असतात, आणि २०१९ च्या आधीच्या कितीतरी गाड्यांत तेही नसतात.

सेन्सर ध्वनिलहरींवर चालतो. मागे काहीतरी आहे एवढे तो बीप करून सांगतो, काय आहे ते सांगत नाही. बारीक खांब, बंपरच्या खालच्या पातळीवरचा दगड, उघडे गटार त्याच्या कक्षेतून निसटू शकते. कॅमेरा हे दाखवतो, पण त्याच्या चित्रातून अंतराचा अंदाज चुकतो. म्हणून सेन्सर असलेल्या गाडीलाही कॅमेरा बसवावा आणि कॅमेरा बसवला म्हणून सेन्सर काढून टाकू नयेत. दोन्ही मिळून काम चांगले होते.

आधी स्क्रीन ठरवा, मग कॅमेरा

बहुतेक जण आधी कॅमेरा घेतात आणि मग तो स्क्रीनला जुळत नाही म्हणून अडकतात. क्रम उलटा असावा. तुमच्या गाडीत तीनपैकी एक परिस्थिती असेल.

पहिली : कंपनीची टचस्क्रीन आहे, पण कॅमेरा नाही. अशा अनेक स्क्रीनमध्ये कॅमेऱ्याची जोडणी आतून दिलेली असते. काहींना त्या मॉडेलचा खास कपलर लागतो, काहींमध्ये सर्व्हिस सेंटरवर ती सोय चालू करून घ्यावी लागते. दुकानात जाण्याआधी सर्व्हिस सेंटरला हे विचारून घ्या.

दुसरी : बाहेरून बसवलेली अँड्रॉइड स्क्रीन आहे. तिच्या मागे कॅमेऱ्यासाठी पिवळी पिन आणि रिव्हर्सच्या सूचनेसाठी एक वायर असतेच. स्क्रीन कोणत्या प्रकारचा सिग्नल घेते तेवढे तपासा. जुन्या पद्धतीचा सीव्हीबीएस सिग्नल जवळपास सगळ्या स्क्रीनना चालतो. एएचडी कॅमेऱ्याचे चित्र जास्त स्वच्छ असते, पण स्क्रीन एएचडी घेणारी नसेल तर पडदा काळा राहतो किंवा नुसत्या रेषा दिसतात.

तिसरी : कसलीच स्क्रीन नाही. इथे मधल्या आरशावर चढवायची, आरशातच पडदा असलेली पट्टी सर्वांत सोयीची. तिचा पडदा साधारण चार-सव्वाचार इंचांचा असतो. मागे घेताना नजर आरशाकडे जातेच, म्हणून हा पडदा योग्य जागी येतो. डॅशबोर्डवर चिकटवायची छोटी स्क्रीनही मिळते, पण ती समोरच्या काचेतून दिसणारा रस्ता अडवणार नाही आणि एअरबॅगच्या झाकणावर येणार नाही अशी बसवावी लागते. जबलपूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड इतका तापतो की चिकटपट्टी सुटते, हेही ध्यानात असू द्या.

कॅमेऱ्यात काय पाहावे

पाण्या-धुळीपासून संरक्षण : खोक्यावर ‘आयपी’ आणि पुढे दोन आकडे असतात. आयपी ६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी बिघडत नाही. यापेक्षा कमी घेऊ नका. पावसाळ्यात मागच्या चाकांनी उडवलेला चिखल थेट कॅमेऱ्यावर येतो आणि गाडी धुणारा पाण्याचा फवाराही तिथेच मारतो.

कोन : साधारण १२० ते १७० अंशांचे कॅमेरे मिळतात. कोन जितका मोठा तितके बाजूचे जास्त दिसते, पण कडा वाकतात आणि वस्तू प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा लांब भासते. गल्लीतून मुख्य रस्त्यावर मागे येणाऱ्याला मोठा कोन हवा, पण १७० अंशांच्या मागे धावण्याचे कारण नाही. १३० ते १५० अंशांत दोन्ही गोष्टी साधतात.

अंधारातले चित्र : खोक्यावरच्या ‘नाइट व्हिजन’ शब्दावर विसंबू नका. दुकानदाराला कॅमेरा जोडून दाखवायला सांगा आणि तो खोक्यात किंवा काउंटरखाली अंधारात धरून पडदा पाहा. रात्री खरा उजेड रिव्हर्सच्या दिव्याचाच पडतो. अनेक गाड्यांत तो २१ वॉटचा बल्ब असतो. तो काळवंडला असेल किंवा काच पिवळी पडली असेल तर आधी ते दुरुस्त करा.

उलटे-सुलटे चित्र : मागचा कॅमेरा आरशासारखे चित्र दाखवणारा हवा, म्हणजे गाडीच्या डावीकडची वस्तू पडद्यावरही डावीकडेच दिसेल. बऱ्याच कॅमेऱ्यांना वायरचे दोन छोटे फास असतात. एक कापला की चित्र आरशाप्रमाणे उलटते, दुसरा कापला की पार्किंगच्या रेषा जातात. कोणत्या रंगाचा फास कशासाठी हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. सोबतचा कागद वाचल्याशिवाय कात्री लावू देऊ नका.

वायर की वायरलेस : वायरवालाच घ्या. वायरलेस कॅमेरा बहुधा २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, आणि त्याच लहरींवर आजूबाजूच्या दुकानांचे वायफाय आणि ब्लूटूथही चालते. भर बाजारात, जिथे कॅमेऱ्याची खरी गरज असते, तिथेच चित्र अडखळण्याची शक्यता जास्त. शिवाय वायरलेस कॅमेऱ्यालाही वीज द्यावीच लागते, म्हणजे निम्मे वायरिंग चुकत नाही. लांब ट्रॉलीसारख्या ठिकाणी, जिथे वायर नेणे खरोखर अवघड आहे, तिथेच वायरलेसचा विचार करावा.

व्होल्टेज : कार १२ व्होल्टवर चालते, ट्रक आणि मोठ्या बस बहुधा २४ व्होल्टवर. १९६९ पासून लष्करासाठी ट्रक बनवणारी वाहन निर्माणी ज्या शहरात आहे, तिथे जड वाहने चालवणारे वाचक असणारच. त्यांनी खोक्यावर ‘१२–२४ व्होल्ट’ असे स्पष्ट लिहिलेलाच कॅमेरा घ्यावा आणि केबलची लांबी गाडी मोजून ठरवावी. कारच्या संचात साधारण सहा मीटर केबल येते. ती ट्रकला तर पुरत नाहीच, लांब एसयूव्हीलाही कधी कधी कमी पडते.

किमतीबाबत सांगायचे तर साधा कॅमेरा काहीशे रुपयांत मिळतो आणि पडद्यासह संच काही हजारांत जातो. सर्वांत स्वस्त कॅमेरा पहिल्या पावसात आतून धुरकटतो, तेव्हा थोडे पैसे जास्त गेले तरी हरकत नाही. बिल आणि वॉरंटी कार्ड मात्र घ्याच.

कुठे बसवावा

उत्तम जागा नंबरप्लेटच्या वर, प्लेटच्या दिव्याच्या खोबणीत. तिथे कॅमेऱ्याला आडोसा मिळतो, तो मधोमध येतो आणि सहज दिसत नसल्याने चोरीची भीती कमी असते. अनेक मॉडेलसाठी प्लेटच्या दिव्याच्या जागी बसणारा खास कॅमेरा मिळतो. तो मिळाला तर पत्र्याला भोक पाडावे लागत नाही.

नंबरप्लेटच्या स्क्रूवर किंवा चौकटीवर बसणारा कॅमेरा घेणार असाल तर थांबून विचार करा. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट असते आणि ती पुन्हा न वापरता येणाऱ्या कुलपी खिळ्यांनी बसवलेली असते. ते खिळे काढू नयेत, प्लेटला भोक पाडू नये आणि प्लेटवरचे एकही अक्षर, होलोग्रॅम किंवा कोरलेला क्रमांक झाकू नये.

भोक पाडणे अटळ असेल तर पत्र्यापेक्षा बंपरच्या प्लास्टिकला पाडावे. पत्र्याला पाडलेच तर कडेला लगेच प्रायमर आणि रंग लावून घ्या, नाहीतर दोन पावसाळ्यांत तिथूनच गंज धरतो. पण बंपरवर कॅमेरा फार खाली येतो आणि चिखलाने भरतो, म्हणून शक्य तोवर वरची जागाच धरा.

कोन लावताना पडद्याच्या अगदी तळाशी बंपरची कड दिसली पाहिजे. ती दिसत असेल तर बंपरला चिकटून असलेली वस्तूही दिसते. कड दिसत नसेल तर कॅमेरा लांबचे छान दाखवेल आणि जवळचे लपवेल. नेमका जवळचाच भाग धोक्याचा असतो.

बसवण्याची पद्धत

हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घेणे बरे. तरीही पायऱ्या ठाऊक असल्या की समोर उभे राहून काम नीट होते आहे का ते पाहता येते.

१. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून उभी करा. कॅमेरा बसवण्याआधी तो पडद्याला आणि बॅटरीला थेट जोडून चालतो का पाहा. सगळे पॅनेल उघडून बसवल्यावर कॅमेराच खराब निघाला तर पूर्ण मेहनत वाया जाते.

२. इग्निशन चालू करून, इंजिन बंद ठेवून, रिव्हर्स गिअर टाका. रिव्हर्स दिव्याच्या कोणत्या वायरला १२ व्होल्ट येतात ते मल्टीमीटरने शोधा. वायरच्या रंगावरून अंदाज बांधू नये. शोधून झाले की बॅटरीची ऋण तार सोडा आणि मगच जोडणीला हात घाला.

३. कॅमेऱ्याची लाल वायर रिव्हर्स दिव्याच्या धन वायरला, मध्ये एक-दोन अँपिअरचा फ्यूज घालून जोडा. काळी वायर चेसिसच्या स्वच्छ, रंग खरवडलेल्या बोल्टला. कॅमेरा फार थोडी वीज खातो, म्हणून मोठा फ्यूज घालण्याची गरज नाही. छोटा असला तर शॉर्ट झाल्यावर तोच आधी उडतो आणि वायरिंग वाचते.

४. जोड नुसता पिळून टेप गुंडाळलेला नको. कपलर वापरावा, नाहीतर सोल्डर करून वर उष्णतेने आवळणारी नळी घालावी. मूळ वायर न कापता जोडणारा कपलर तुमच्या मॉडेलसाठी मिळत असेल तर तोच घ्या. गाडी वॉरंटीत असताना मूळ वायर कापली तर पुढे वीजसंबंधी बिघाडाचा दावा नाकारला जाऊ शकतो.

५. डिकीच्या दरवाजातून गाडीत येणारी वायर तिथे आधीच असलेल्या रबरी नळीतूनच न्यावी. बाहेरून मोकळी सोडलेली वायर दरवाजात चेमटते, आणि रबर नीट बसवले नाही तर पाणी आत येते.

६. तिथून पुढे वायर दरवाजांच्या उंबऱ्यावरच्या प्लास्टिक पट्टीखालून न्यावी. बाजूच्या खांबांत पडदा-एअरबॅग आणि सीटबेल्टची यंत्रणा असू शकते. एअरबॅगचे वायरिंग सहसा पिवळ्या आवरणात असते. त्याला हात लावू नये आणि आपली वायर त्यावरून किंवा एअरबॅगच्या समोरून नेऊ नये. गुंडाळायला कापडी टेप वापरा, कारण साधी इन्सुलेशन टेप उन्हाळ्यात चिकट होऊन सुटते.

७. पिवळी पिन स्क्रीनच्या कॅमेरा जोडणीत आणि रिव्हर्सची सूचना देणारी वायर स्क्रीनच्या ‘बॅक’ किंवा ‘रिव्हर्स’ लिहिलेल्या वायरला. ही दुसरी जोडणी राहिली तर गिअर टाकल्यावर कॅमेरा आपोआप दिसत नाही.

८. चित्र थरथरत असेल तर दिव्याची वीज तुटक येत असण्याची शक्यता असते. नव्या गाड्यांत, विशेषतः एलईडी दिवे असताना, असे होते. अशा वेळी मध्ये पॉवर फिल्टर घालून घ्यावा.

पॅनेल बंद करण्याआधी सगळे एकदा चालवून पाहा. मगच क्लिपा दाबा, आणि उरलेली क्लिप ‘जास्तीची होती’ म्हणून कोणी खिशात घालणार नाही याकडे लक्ष असू द्या.

पैसे देण्याआधीची परीक्षा

मोकळी जागा पाहा आणि बंपरपासून एक, दोन व तीन मीटरवर खडूने आडव्या रेषा मारा. आता पडद्यावरच्या लाल, पिवळ्या आणि हिरव्या रेषा जमिनीवर नेमक्या कुठे पडतात ते पाहा. लाल रेषा म्हणजे किती अंतर, हे प्रत्येक गाडीत वेगळे निघते. तुमच्या गाडीचा हिशेब तुम्हीच एकदा पक्का करा. बाहेरून बसवलेल्या बहुतेक कॅमेऱ्यांच्या रेषा स्थिर असतात, स्टिअरिंगबरोबर वळत नाहीत. गाडी वळवत मागे घेताना त्यांच्यावर विसंबता येत नाही.

नंतर साधारण ८० सेंटिमीटर उंचीची वस्तू, एखादा उभा ठेवलेला पाइप किंवा एकावर एक ठेवलेल्या बादल्या, बंपरजवळ मधोमध, मग दोन्ही कोपऱ्यांशी, मग लांब, अशी हलवत जा आणि दुसऱ्याला पडद्यावर पाहायला सांगा. अमेरिकेच्या नियमानुसार गाडीमागे सुमारे तीन मीटर रुंद आणि सहा मीटर लांब पट्टा दिसला पाहिजे आणि रिव्हर्स टाकल्यापासून दोन सेकंदांत चित्र आले पाहिजे. आपल्याला तो नियम लागू नाही, पण मोजपट्टी म्हणून तो उत्तम आहे. चित्र यायला चार-पाच सेकंद लागत असतील तर तेवढ्यात गाडी हललेली असते. अशी स्क्रीन बदलून मागा.

तीच परीक्षा रात्री एकदा करा. गाडी पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन दुसऱ्या दिवशी काचेच्या आत वाफ धरली आहे का तेही पाहा. धरली असेल तर लगेच दुकानात न्या.

विमा कंपनीलाही कळवा. बाहेरून बसवलेल्या वीज-उपकरणांची नोंद पॉलिसीत आयएमटी-२४ या कलमाखाली होते आणि त्यांच्या किमतीवर चार टक्के जादा हप्ता पडतो. महागडी स्क्रीन बसवली असेल तर ही नोंद जरूर करावी, कारण नोंद नसलेल्या वस्तूची भरपाई मागणे कठीण जाते.

निगा आणि सवय

कॅमेऱ्याची काच मऊ ओल्या फडक्याने पुसावी. कोरड्या फडक्याने धूळ घासली की काचेवर चरे पडतात आणि रात्री समोरचा उजेड त्या चऱ्यांवर पसरतो. पावसाळ्यात रोज सकाळी, आणि जानेवारीच्या धुक्यात गाडी काढताना, काच पुसण्याची सवय लावून घ्या. नागपूर-जबलपूर रस्त्याने लांबचा प्रवास करून आल्यावर कॅमेऱ्यावर धुळीचा थर असतोच. तो पुसल्याशिवाय गल्लीत गाडी मागे घेऊ नका.

एवढे सगळे केले तरी कॅमेरा धोका कमी करतो, संपवत नाही. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेच्या अभ्यासात मागच्या कॅमेऱ्यामुळे मागे घेतानाचे अपघात सुमारे १७ टक्क्यांनी कमी झालेले आढळले. हे यश मोलाचे आहे, पण उरलेले अपघात कॅमेरा असूनही झाले. कारण चालक पडद्याकडे पाहत नाही, उशिरा पाहतो, किंवा फक्त पडद्याकडेच पाहतो आणि बाजूने येणारी सायकल त्याच्या नजरेतून सुटते.

म्हणून क्रम पक्का करा. गाडीत बसण्याआधी मागून एक फेरी मारा. काच खाली करा, म्हणजे बाहेरचा आवाज ऐकू येईल. रिव्हर्स टाकून चित्र येईपर्यंत क्लच दाबून थांबा. पडदा, डावा आरसा, उजवा आरसा, मान वळवून मागची काच, पुन्हा पडदा, अशी नजर फिरवत माणूस चालतो त्याहूनही हळू मागे या. मध्ये एक क्षणही शंका आली तर ब्रेक दाबा आणि उतरून पाहा.

घरात लहान मूल असेल तर अंगणातून गाडी काढताना ते कोणाच्या तरी कडेवर किंवा हात धरून, चालकाला समोर दिसेल असे उभे असले पाहिजे. हा नियम घरातल्या प्रत्येकाला सांगा, ड्रायव्हर ठेवला असेल तर त्यालाही सांगा. कॅमेरा जरूर बसवा, चांगला बसवा, पण मागे वळून पाहण्याची जबाबदारी त्याच्यावर सोपवू नका.